बाजूची तार

माझ्या दाजींना लोक गर्विष्ठ म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि मला तर ते म्हणायचा हक्कच होता, कारण मी त्यांचा मेहुणा. रस्त्याच्या पलीकडून कोणी हात केला तर दाजी तसेच पुढे निघून जात. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसानं ‘काय मास्तर?’ म्हटलं, तर मास्तर आधी समोर बघत, मग भलतीकडे, आणि मग कुठे त्याच्याकडे. तोवर त्या बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं असे.

ताई त्यांची बाजू घ्यायची. म्हणायची, “नाकासमोर बघून चालणारा माणूस आहे तो. उगाच लाडीगोडी नाही जमत त्यांना.” बाहेर अशी बाजू घ्यायची आणि घरात मात्र भांडायची. कारण दाजींच्या हाताचा धक्का लागून पाण्याचा पेला रोज लवंडायचा. हाताशीच ठेवलेला पेला, आणि तरी लवंडायचा. शेवटी तिनं घरातले सगळे काचेचे पेले फळीवर चढवले आणि स्टीलचे काढले. “लहान मूल परवडलं,” म्हणायची, “निदान ते मोठं तरी होतं.”

दाजी ट्रकचे इलेक्ट्रिशियन. त्यांची शेड आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान एकाच भिंतीला पाठ लावून उभं आहे. माझ्या बाजूला खोकी, पावत्या आणि पंखा. त्यांच्या बाजूला तेलानं काळी झालेली फरशी, खिळ्यांना लटकणारी रंगीत वायरची भेंडोळी, सोल्डरिंगचा वास, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला लॅपटॉप, ज्याला ताईसुद्धा हात लावू शकत नाही. मी रोज दुपारचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचो, त्यामुळे मला वायरिंगमधलं थोडंफार कळायला लागलं होतं. थोडंफार म्हणजे, बोलण्यापुरतं.

पूर्वीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर पाय दाबायचा आणि डिझेल जायचं. आता ड्रायव्हरचा पाय फक्त अर्ज करतो. डिझेल किती, कधी आणि सोडायचं की नाही, हे इंजिनाच्या अंगाला बोल्टनं बसवलेला एक चपटा ॲल्युमिनियमचा डबा ठरवतो. त्याला ईसीएम म्हणतात. आमच्या घरात मी आणि माझी बायको यांचं जसं चालतं, तसंच ते. हा डबा रुसला की गाडी जागची हलत नाही. आणि तो कायमचा बंद केलेला असतो, आत काय झालं ते कोणाला दिसत नाही, म्हणून कशाचाही उलगडा झाला नाही की मेकॅनिक लोक हात झटकून म्हणतात, ‘ईसीएम गेला.’ मग नवा घालतात. मग तोही जातो.

दाजींना या लोकांचा भयंकर राग. “हे डबाबदले,” असं म्हणायचे. “अहो, ज्या खाटेवर एकाला साप चावला त्या खाटेवर दुसऱ्याला कसं झोपवता? आधी साप शोधा.” त्यामुळे त्यांची पद्धत ठरलेली होती. ईसीएम खराब निघाला तरी नवा लगेच लावायचा नाही. बॅटरीपासून डब्यापर्यंत सगळी वायरिंग दिवा घेऊन बघायची, कुठे घासली, कुठे वितळली, कुठे गंजली. आणि मगच तोंडातून दोन शब्द काढायचे, ‘वायरिंग साफ.’ ड्रायव्हर लोक वैतागायचे, पण या दोन शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. दाजींनी बसवलेला ईसीएम परत आलाय, असं मी कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी घाईमामांची गाडी दुसऱ्या ट्रकच्या मागे दोरानं ओढून आणली. घाईमामा म्हणजे लांब पल्ल्याचे जुने ड्रायव्हर, गाडी त्यांचीच. खरं नाव काय ते त्यांनाच आठवत असेल. बसायच्या आधी उठायची घाई, म्हणून घाईमामा.

“मास्तर, जरा लवकर बघा,” उतरता उतरता ते म्हणाले.

“तुम्ही सांगितलं आणि मी लवकर बघितलं नाही, असं कधी झालंय का?”

“नेहमीच झालंय.”

मामा सांगू लागले. चढावर गाडीनं दोन गचके दिले, बंद पडली, आणि पुन्हा चालूच झाली नाही. दाजींनी स्कॅनर जोडला. गाडीतल्या बाकीच्या गोष्टींनी उत्तर दिलं, ईसीएमनं नाही. त्यांनी फ्यूज बघितले, रिले बदलून बघितला, कनेक्टर काढून मीटर लावला. डब्यापर्यंत वीज नीट येत होती, अर्थिंग नीट होतं. म्हणजे सगळं मिळूनही डबा गप्प. दाजींनी तो सोडवला, कनेक्टरच्या तोंडाशी नाक नेलं आणि माझ्यापुढे धरला. जळकट वास येत होता.

“गेला,” दाजी म्हणाले.

“मग मागवायचा नवा?” मामा म्हणाले.

“आधी साप.”

मामा कपाळाला हात लावून पायरीवर बसले. दाजींनी दिवा घेतला आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला शिरले. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तेव्हा ते तिथेच होते, रिकामा डबा न्यायला आलो तेव्हाही तिथेच. एक एक वायर डोळ्यांसमोर धरून बघत होते. वायरीवरचा बारीक छापील आकडा त्यांनी मला वाचून दाखवला. मला तो चष्मा लावूनही वाचता आला नाही. “तुमचे डोळे तपासा मेहुणे,” ते म्हणाले आणि हसले. त्यांच्या चष्म्याच्या दुकानदाराकडे ते पाटीवरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचायचे. वरचेवर नंबर बदलून घ्यायचे, आणि तरी डोळ्यांना काहीतरी थकवा येतो म्हणायचे. दुकानदार म्हणायचा, डोळे एकदम ठणठणीत आहेत.

दुपार कलल्यावर ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “वायरिंग साफ.”

आता नवा ईसीएम मागवायचा म्हणजे कंपनीकडून यायला वेळ, आणि त्यात त्या गाडीची माहिती भरावी लागते. मागवण्याआधी खात्री हवी. त्यासाठी आमच्या लोकांची एक रीत आहे. तशीच दुसरी चांगली गाडी जवळपास असेल, तर तिचा ईसीएम थोडा वेळ उसना घ्यायचा. लावला आणि गाडी चालू झाली, की दोष डब्यातच होता हे नक्की. जुन्या मॉडेलला हे चालतं. आणि उसना मागितल्यावर नाही म्हणायचं नसतं, कारण उद्या आपल्यावरही तीच वेळ येते.

तशीच दुसरी गाडी म्हणजे माझा माल आणायचा ट्रक. मागच्या अंगणात उभा होता, धडधाकट.

“ईसीएम म्हणजे काय वाटीभर साखर आहे का, उसना द्यायला?” मी म्हणालो.

“साखर परत येत नाही मेहुणे. हा येईल.”

माझ्या गाडीचा डबा काढून त्यांनी मामांच्या गाडीला बसवला. कनेक्टरची खिटी दाबली, टक् असा आवाज झाला. बॅटरी जोडली. मामांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. मामा खिडकीतून असे हसले की त्यांचा पडलेला दातसुद्धा दिसला. दाजी खुशीत असले की अंगठ्यानं मीटरची काच पुसत, तशी पुसत राहिले.

मामांना कुठला धीर. त्यांनी रेस दिली. इंजिन थरथरलं, आणि थरथरता थरथरता उचकी लागल्यासारखं होऊन बंद पडलं.

मग तो वास आला. तोच जळकट वास, पण या वेळी ताजा आणि गरम.

दाजी पुन्हा इंजिनापाशी वाकले. मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो, माझ्या ईसीएमचं काय झालं या काळजीत. आणि मला ती दिसली. डब्यापासून वीतभर अंतरावर, एका लोखंडी पट्टीच्या कडेला, बॅटरीची जाड केबल आणि डिझेल पंपाची बारीक वायर एकमेकींच्या अगदी शेजारून गेल्या होत्या. दोन्हींचं आवरण घासून गेलं होतं आणि आतलं तांबं चकाकत होतं. इंजिन थरथरलं की दोन्हींचं तांबं एकमेकांना लागे, आणि बॅटरीची सगळी वीज उलट्या वाटेनं डब्यात घुसत असणार. हे समजायला इलेक्ट्रिशियन असायची गरज नव्हती.

“दाजी,” मी म्हणालो, “ती तार सोललीय का?”

“कुठली?”

“ती. पट्टीजवळची.”

“कुठली?”

“तुमच्या डाव्या हाताशी आहे.”

त्यांनी हात हलवला, तो त्या तारेच्या शेजारून गेला. मग ते डोकं फिरवू लागले, आधी वर, मग खाली. कोणाचं नाणं पडलं तर ते जसं शोधतात, तसं. सगळं अंग वळवून त्यांनी अखेर समोरासमोर बघितलं, तेव्हा ती त्यांना दिसली. दिव्यात नुसती झगझगत होती.

“ही इथंच होती?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मी बघितलं होतं इथं,” ते म्हणाले. “दिवा घेऊन बघितलं होतं.”

मामा गाडीच्या पायरीवर उभे राहून सगळं बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कसलीही घाई दिसली नाही.

एका गाडीचा डबा गेला होता, आता दोन गाड्यांचे गेले. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात, ते हे. पण खरं सांगतो, मला माझ्या डब्याचं काही वाटलं नाही. दाजींचं ते ‘कुठली?’ माझ्या कानातून जाईना. मी घरी जाऊन ताईला सांगितलं. ती आधी चिडली, मग म्हणाली, “बाळ्या, उद्या ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. चष्म्याच्या दुकानात नाही, डॉक्टरकडे.” माझ्या डोक्यावर एक केस उरलेला नाही, पण ताईला मी अजून बाळ्याच.

डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, दाब मोजला, आणि मग दाजींना एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, एका पांढऱ्या वाडग्याच्या मधोमध बघत राहायचं, आणि आत कुठेही बारीकसा दिवा लागलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो, तिथून मला वाडग्याची कड दिसत होती. मधोमध दिवा लागला की बटण वाजायचं. कडेला दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. बटण गप्प.

थोड्या वेळानं दाजी हनुवटी न हलवता म्हणाले, “मॅडम, यंत्राचं कनेक्शन बघा जरा. बराच वेळ झाला, दिवाच लागत नाही.”

मी मान खाली घातली. डॉक्टर बाई म्हणाल्या, “दिवे लागतायत.”

काचबिंदू होता. डोळ्यांतला दाब वाढून वाढून आतली नस सुकत गेली होती, आणि ती कडेपासून सुकते. मधलं शेवटपर्यंत दिसतं. म्हणून पाटीवरची ओळ वाचता येते, वायरीवरचा आकडा वाचता येतो, आणि वीतभर बाजूचं काही नसतं.

“पण मग तिथं काळं दिसायला हवं ना?” दाजींनी विचारलं. “मला काळं कुठंच दिसत नाही.”

“नाही दिसत,” त्या म्हणाल्या. “जिथलं दिसत नाही, तिथं मेंदू आजूबाजूचं भरून घेतो. तुम्हाला वाटतं, सगळं बघितलं.”

दाजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “म्हणजे डबा चांगला आहे. वायरिंग गेली.” डॉक्टर बाईंना ते कळलं नाही. “आणि ती बदलता येत नाही?”

“नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब घातलेत तर आहे ते टिकवता येईल. आधी यायला हवं होतं.”

घरी आल्यावर ताईनं त्यांना पाणी दिलं. पेला तिनं त्यांच्या बरोबर समोर ठेवला आणि त्यांनी तो उचलेपर्यंत तिथेच उभी राहिली. एवढी भांडणारी बाई, पण त्या दिवशी रडायलासुद्धा ती मागच्या खोलीत गेली, आणि तिथंही नळ सोडून रडली.

मी दाजींची समजूत काढायचा प्रयत्न केला. म्हटलं, समोरचं तर दिसतंय, मान फिरवून काम करता येईल, सवय होईल. सांत्वन करणाऱ्याला फार अक्कल लागत नाही, ती मलाही नव्हती.

“मेहुणे,” ते म्हणाले, “मला दिसलं नाही, हे मी सोसेन. मला दिसलं नाही हे मला कळलं नाही, त्याचं काय करू? मी खोटं बोललो नव्हतो. अजूनही डोळे मिटले की ती जागा मला साफच दिसते. आता मी कुठल्या तोंडानं कोणाला सांगू, वायरिंग साफ?”

मी त्यांच्यापुढचा रिकामा पेला उचलून आत नेऊन ठेवला.

नवे दोन ईसीएम आले. मामांना मी म्हटलं होतं की हवं तर गाडी दुसरीकडे न्या. ते म्हणाले, “मास्तरांनी उघडलीय, मास्तरच मिटवतील.” माणूस चांगला होता. त्याच्या चांगुलपणानं उलट जास्त त्रास झाला.

दाजींनी आधी बॅटरी सोडली. मग त्या दोन वायरी कापल्या, नवे तुकडे जोडले, सोल्डर केलं, वरून नळी चढवली आणि दोघींना वेगवेगळ्या क्लिपमध्ये अडकवलं. मध्ये हाताचा पंजा मावेल एवढी जागा ठेवली. समोर धरलेल्या वायरीवर त्यांचा हात अजून पूर्वीसारखाच चालत होता, जराही चुकत नव्हता. मग त्यांनी दिवा माझ्या हातात दिला.

“बघा.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं काही नाही. दिसायचं आहे.”

मी इंजिनाच्या बाजूनं दिवा फिरवत गेलो. ते विचारत, “पट्टीमागे?” मी म्हणे, “साफ.” “खाली, वळणावर?” “साफ.” आणि मी साफ म्हटल्यावर ते स्वतः बोटांनी तिथली प्रत्येक वायर चाचपत. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःवर तर नव्हताच. एका माणसाचं काम आम्ही दोघं मिळून करत होतो आणि तरी ते अर्धंच होत होतं. मला भयंकर चीड येत होती, आणि ती कोणावर काढावी ते कळत नव्हतं.

शेवटी नवा डबा बसला. बोल्ट आवळले, खिट्या टक् टक् बंद झाल्या, लॅपटॉपवरून गाडीची माहिती भरली गेली. पडदा समोर होता, त्यामुळे तिथे काही अडचण आली नाही. गाडी चालू झाली. मामा रेस द्यायला घाबरत होते, दाजींनीच सांगितलं, द्या. इंजिन थरथरत राहिलं आणि चालत राहिलं. तरी दाजींनी गाडी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी खड्ड्यांच्या रस्त्यानं फिरवून आणली, पुन्हा मला दिवा धरायला लावला, पुन्हा चाचपली. मग दुसरा डबा माझ्या ट्रकला बसवला, त्याच पद्धतीनं.

मामा निघताना म्हणाले, “येतो मास्तर.” नेहमी तसंच म्हणायचे.

त्यानंतर दाजींनी स्वतःहून वायरिंगची कामं घेणं सोडलं. कोणी आलं की सांगायचे, वेळ नाही. हॉर्न, मागचे दिवे, आरशाच्या मोटारी, असं जे टेबलावर डोळ्यांपुढे ठेवून करता येईल तेवढंच करत. शेडमध्ये एरवी ट्रकच्या तोंडांची रांग असायची, आता फरशी मोकळी दिसायला लागली. ताई म्हणायची, “विश्रांती घेतायत.” विश्रांती कशी असते ते त्या माणसाला माहीत नव्हतं. ते नुसते बसून असायचे.

अशाच एका दुपारी घाईमामांची गाडी समोरच्या रस्त्यानं आली. मला वाटलं वळेल आत. ती पुढे गेली आणि चार दुकानं सोडून नव्या मोठ्या वर्कशॉपमध्ये वळली. थोड्या वेळानं मामा चालत परत आले. दाजी टेबलाशी बसून एक मागचा दिवा जोडत होते. मामा त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. हात वर केला, तोंड उघडलं. सांगायला आले होते बिचारे, तोंड चुकवायला नाही. पण दाजींची मान वर झाली नाही. मामा हाताच्या अंतरावर होते, आणि दाजींच्या लेखी तिथं रिकामी जागा होती. मामांचा हात तसाच हळूहळू खाली आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोट ओठांवर ठेवलं आणि पाय न वाजवता निघून गेले.

दाजींनी स्क्रू आवळला. मग मान वर न करताच म्हणाले, “घाईमामांची गाडी होती ना?”

“नाही हो. दुसरीच होती कोणाची.”

“त्या गाडीत मी आठवडाभर मुंडी घालून बसलो होतो, मेहुणे. आवाज कळतो मला. पुढच्या वर्कशॉपात गेली.”

मी टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागलो.

“बरं केलं त्यांनी,” ते म्हणाले. “मी त्यांच्या जागी असतो, तर मीही माझ्याकडे आणली नसती.”

मग त्यांनी दिव्याची वायर बॅटरीला टेकवली आणि तो दिवा उचलून धरला. “बघा जरा,” म्हणाले, “लागतोय का?” दिवा त्यांच्या चेहऱ्याच्या बरोबर समोर होता आणि त्याचा लाल उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता. त्यांना तो दिसत होता. तरी मी उत्तर देईपर्यंत ते थांबून राहिले.